करमाफीची सहिष्णुता आणि कन्फ्यूशियसचे अनुयायी

चंगीझ खान व त्याचे वंशज यांचे नाव एक तर कत्तलींसाठी घेतले जाते किंवा सर्व धर्मांना दिलेल्या अभयासाठी. त्या अभयामागचा व्यवहार मात्र बहुधा नजरेआड राहतो.

ताओपंथी आचार्य छ्यू छूजी हा वृद्धापकाळी चीनमधून निघून 1222 मध्ये हिंदुकुशच्या परिसरात चंगीझ खानाला भेटला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पंथाला करमाफीची सनद मिळाली. पुढील खानांच्या फर्मानांत बौद्ध भिक्षू, ताओपंथी, नेस्टोरियन ख्रिस्ती धर्मगुरू आणि मुसलमान विद्वान यांना कर व वेठ माफ करून त्यांनी खानाच्या दीर्घायुष्यासाठी देवाची प्रार्थना करावी, असे सांगितलेले आढळते. प्रार्थनेच्या मोबदल्यात दिलेली ही सवलत होती, आणि मोबदला देणाऱ्याची मर्जी फिरली की ती आटतही असे: मुसलमान व्यापाऱ्यांनी दरबारातले मांस नाकारल्यावर कुबलाई खानाने 1280 च्या सुमारास त्यांच्या पद्धतीने जनावरे कापण्यास बंदी घातली, तर 1281 मध्ये ‘ताओ ते छिंग’ वगळता ताओपंथी ग्रंथ जाळण्याचा हुकूम सुटला.

कन्फ्यूशियसच्या अनुयायांची अडचण निराळी होती, कारण त्यांच्याजवळ ना मठ होते ना पुरोहितवर्ग. कुटुंबधर्म, आचार आणि राज्यकारभार यांची विद्या एवढेच त्यांचे भांडवल, आणि ते खानाला चटकन उमजण्याजोगे नव्हते. खितान वंशाचा मंत्री येलू चूत्साई याने त्यांची बाजू उपयुक्ततेच्या भाषेत मांडली. धनुष्याला कारागीर लागतो तसा राज्यालाही लागतो, हा त्याचा युक्तिवाद. ओगोदेई खानाच्या आज्ञेने 1238 मध्ये झालेल्या परीक्षेत 4,030 जण उत्तीर्ण झाले, त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा युद्धात गुलाम झालेल्यांचा होता, आणि परीक्षेला न पाठवता गुलाम दडवणाऱ्या मालकाला देहदंड सांगितला होता. पुढे 1252 मध्ये युआन हाओवन आणि जांग दहुई या विद्वानांनी तर कुबलाईलाच ‘कन्फ्यूशियसपंथाचा महागुरू’ ही पदवी स्वीकारण्याची विनंती केली, ती त्याने आनंदाने मान्य केली आणि लागलीच विद्वानांच्या घराण्यांसाठी करमाफीची मागणी पुढे आली. पदवी देऊन माफी मागणारे हे पंडित चांगलेच व्यवहारी म्हटले पाहिजेत.

तरीही केवळ धूर्तपणाने ही परंपरा टिकली, असे म्हणता येत नाही. 1235 मध्ये दआनच्या पाडावात पकडलेला जाओ फू हा पंडित आप्तांच्या संहारानंतर रात्री जीव द्यायला निघाला, तेव्हा याओ शू या खानाच्याच पदरी असलेल्या विद्वानाने घोड्यावरून त्याचा माग काढून, पाण्याच्या काठी मोकळ्या केसांनी, अनवाणी उभ्या असलेल्या त्याला परत आणले. जाओ फूमुळे दक्षिणेतील तत्त्वज्ञ जू शी याचे भाष्य उत्तरेत पसरले, ते शू हंग याने राजविद्यालयात शिकवले, आणि 1313 च्या आदेशाने पुन्हा सुरू झालेल्या राजसेवा परीक्षेत तेच प्रमाण ठरून 1905 मध्ये परीक्षा बंद होईपर्यंत बहुतांशी तसेच राहिले. परीक्षेच्या प्रांतिक पातळीवरील 300 जागा मात्र मंगोल, मध्य आशियाई, उत्तर चिनी आणि दक्षिण चिनी अशा चार गटांत प्रत्येकी 75 वाटल्या गेल्या, लोकसंख्या कोणाची किती हे न पाहता. या जागावाटपावरील निबंध मध्ययुगीन आशियातील राज्यसत्ता व धर्म या विषयावरील परिषदेच्या पहिल्या सत्रात वाचले जाणार असल्याने, अध्यक्षांनी आसन ग्रहण करून सत्रास आरंभ करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.