प्रकल्प मुलांचा, हातही मुलांचेच

महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की आमच्या गटात मुलांच्या शाळेचा विषय हमखास निघतो. "शाळेत प्रकल्प सांगितलाय, दुकानातून तयार तक्ता आणावा लागणार," असं कुणीतरी म्हणतंच. आज त्यावरच बोलू.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानंतर २०१० मध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात दोन भाग. वर्षभर चालतं ते आकारिक, सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिकचे ठरले. तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय हे सगळं त्यात येतं.

हे कशासाठी? तर मूल कुठं अडतंय ते गुरुजींना वेळेवर कळावं म्हणून. विकतचा तक्ता नेला, तर पैसे जातात आणि मूल अडलेलं तसंच राहतं.

खरं तर लागणारं सामान घरातच असतं. गणिताला आपलं पासबुक घ्या. ५,००० रुपये कर्ज, महिना २ टक्के व्याज, तर पहिल्या महिन्याचं व्याज किती? १०० रुपये. १,००० रुपये मुद्दल फेडल्यावर किती? ८० रुपये. मुलानं मांडावं, आपण ताळा पाहावा. परिसर अभ्यासाला दोन वाट्यांत मटकी पेरा, एक उजेडात, एक अंधारात. रोज काय दिसलं ते मुलानं लिहावं. मराठीला आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून उतरवून घ्याव्यात.

"मी शिकलेली नाही, मला काय कळणार?" असं म्हणू नका. मुलाला एवढंच विचारा, "हे तू कसं केलंस?" त्याला नीट सांगता आलं, तर त्याला समजलंय.

आणखी एक. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. तिथं आपण बोलायचं: प्रकल्प घरच्या वस्तूंतून होणारे द्या, आणि मुलाच्या आकारिक नोंदी आम्हाला वाचून दाखवा. एकटीला संकोच वाटला, तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. आम्ही तसंच जातो.