सालोनिकाचा जुना रस्ता

बाल्कन देशांतील इतिहास पाहावयाचा, तर टेकडीवर चढावें लागतें, अशी प्रवाशांची समजूत असते. ग्रीसमधील थेसालोनिकी, म्हणजेच जुनें सालोनिका, येथें मात्र जिना उतरावा लागतो.

इ. स. पूर्व ३१५ मध्यें कासांडरानें हें नगर वसविलें व त्यास आपल्या पत्नीचें, म्हणजे शिकंदराच्या सावत्र बहिणीचें, नांव दिलें. पुढें रोमन आले, बायझंटाइन आले. १४३० त तुर्कांनीं नगर घेतलें. १९१२ त तें ग्रीसकडे आलें. १९१७ च्या आगींत मध्यवस्ती जळाली आणि एर्नेस्त एब्रार या फ्रेंच स्थापत्यकाराच्या आराखड्यानें नव्यानें उभी राहिली. वरचें सारें बदललें. खालचें तसेंच राहिलें.

२००६ सालीं भुयारी लोहमार्गाचें काम निघालें, तें एग्नाटिया नांवाच्या हमरस्त्याखालून. वेनिझेलू स्थानकासाठीं खोदतांना संगमरवरी फरसबंदीचा बायझंटाइन रस्ता व त्याच्या कडेच्या दुकानांचे अवशेष लागले. आजची बाजारपेठ आणि जुनी बाजारपेठ एकावर एक!

दगड उचलल्यावांचून स्थानक होत नाहीं, असें बांधणाऱ्यांचें म्हणणें. उचललेला रस्ता हा रस्ता राहत नाहीं, तें नुसतें सामान होतें, असें अनेक पुरातत्त्वज्ञांचें म्हणणें. वाद वर्षानुवर्षें चालला, न्यायालयांतही गेला. अखेर दगड काढले, स्थानक बांधलें व दगड पुन्हा मांडले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं १३ स्थानकांचा, ९.६ किलोमीटरांचा हा मार्ग खुला झाला. चालकाविना धांवणाऱ्या गाडीकडे जाणारा उतारू वाटेंत तो रस्ता पाहतो. पुरातत्त्वज्ञांचा पक्ष अधिक खरा होता, हें मान्य करावें लागेल. तरी गोदामांत पडलेल्या दगडांपेक्षां रोज लोकांच्या दृष्टीस पडणारे दगड बरे.

परंतु श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, सर्वच जुन्याच्या वांट्यास असा वाद आला नाहीं. १४९२ त स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंना या शहरानें आश्रय दिला होता. जर्मन अमलांत, १९४२ सालीं, त्यांचें विस्तीर्ण दफनस्थान उखडलें गेलें व तेथील शिळा बांधकामांत वापरल्या गेल्या. १९४३ त येथील ४५ हजारांच्या आसपास ज्यू आगगाड्यांत कोंडून औश्विट्झला धाडले. बहुतेक परतलेच नाहींत. दफनस्थानाच्या जागीं आज विद्यापीठ आहे आणि नव्या मार्गावरील एका स्थानकाचें नांवही विद्यापीठ असेंच आहे. तेथें उतरणाऱ्या विद्यार्थ्यास पायाखालीं जुनी फरसबंदी दिसत नाहीं. २०१४ त उभारलेलें स्मारक पाहण्यास त्याला जिना चढून आवारांत जावें लागतें.