दमयंतीची नदी, सीतेची न्हाणी



मोर्शी गावातून वाहणाऱ्या नदीचे नाव दमयंती. विदर्भाच्या राजकन्येचे हे नाव येथील मूल नित्य उच्चारते. परंतु नळाने अर्धे वस्त्र फाडून घेऊन जिला निद्रिस्त स्थितीत अरण्यात सोडले ती हीच, हे त्याला क्वचितच कोणी सांगितलेले असते. उत्तरेस सातपुड्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेवर, सालबर्डी आहे. तेथे सीतेची न्हाणी दाखवितात. लव-कुशांचा जन्म याच डोंगरात झाला असे सांगतात. पतीने वनात सोडलेल्या दोन राण्या, एक महाभारतातील व एक रामायणातील, अशा एकाच तालुक्याच्या भूमीत वस्तीस आल्या आहेत.

सीतेवर हक्क सांगणारे सालबर्डी हे एकटेच गाव नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे अशी आख्यायिका आहे की, उपाशी लेकरांसाठी सीतेने मूठभर गहू मागितले, गावाने ते नाकारले, आणि या शिवारात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला. खरे स्थान कोणते, हा वाद वर्गात लावू नये. इतिहासाच्या तासाला पुरावा मागावा, ते योग्यच आहे. कथेला विचारावयाचा प्रश्न निराळा. बाळंतिणीला थारा कोणी दिला आणि कोणी दिला नाही? (सालबर्डीची गुहा थेट पचमढीला निघते असे एखादे आजोबा म्हणाले, तर हसू नये, नकाशा उघडून मुलांना अंतर मोजू द्यावे.)

कथा कशी टिपावी याचा धडा दूर शोधावयास नको. याच तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. सालबर्डीच्या डोंगरात राहिलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना गाठून त्यांनी त्या बोलत्या भाषेत उतरविल्या. आजीचे वऱ्हाडी शब्द शिक्षकानेही ‘शुद्ध’ करू नयेत.

घाई आहे ती याकरिता. सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवरील अप्पर वर्धा धरण १९९३ मध्ये पूर्ण झाले. जलाशयास नल-दमयंती सागर हे कथेतलेच नाव मिळाले. पाण्याखाली मात्र गावे गेली. मोबदल्याच्या कागदांत घर, विहीर, शेत यांची नोंद होते. मुंजाच्या पिंपळाची किंवा आसरांच्या डोहाची होत नाही. जुन्या गावांत वाढलेली माणसे आता थकली आहेत आणि त्यांची नातवंडे नव्या गावठाणातील शाळेत बसतात. त्या शाळांतील शिक्षकांनी येत्या सुटीत प्रत्येक मुलास एक काम द्यावे. आजोबांच्या सांगण्यावरून जुन्या गावाचा नकाशा काढून आणावा: डोह कोठे होता, भर दुपारी त्यात उतरू नये असे का म्हणत, आणि गाव सोडताना तेथे शेवटचा नारळ कोणी फोडला.