साखळीच्या शेवटच्या कडीची नोंद
(वार्षिक चर्चासत्रातील भाषण)



मला 'इंटरनेट आणि उत्पादनाची पुरवठा साखळी' हा विषय दिला आहे. भाषेच्या व्यासपीठावर तो थोडा उपरा वाटेल. पण मी सुरतेतल्या डिंडोलीत राहतो, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो, आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे घर या साखळीवर चालते. म्हणून दारात जे पाहिले तेच सांगतो.

आमच्या भागातली माणसे मुख्यतः धुळे, नंदुरबार, जळगावकडची. जळगावहून उधन्याला येणारी तापी खोऱ्यातली रेल्वे हीच त्यांची वाट. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती-हिंदी, अशा भाषांत आमची मुले वाढतात.

सुरतेची साडी एका छपराखाली तयार होत नाही. लूमवर कोरे कापड विणले जाते, त्याला 'ग्रे' म्हणतात. ग्रेचे ताके पांडेसरा-सचिनकडच्या मिलमध्ये रंगाईला, छपाईला जातात. तिथून रिंगरोडच्या मार्केटात. मग भरतकामाच्या मशीनवर. शेवटी लेस, टिकी, स्टोन लावण्यासाठी गठ्ठे घरोघर येतात. डिंडोलीच्या ओट्यावर बसून स्टोन चिकटवणारी बाई ही या साखळीची शेवटची कडी.

पूर्वी ही साखळी दलालाच्या शब्दावर आणि उधारीवर चाले. व्यापारी नमुने पाठवी, परगावचा दुकानदार घाऊक माल उचले, पैसे दोन-तीन महिन्यांनी येत. मालाचे मोठे लॉट निघत आणि सणांच्या आधी काम दाटून येई.

आता आधी फोटो जातो, मग मागणी येते, मग माल तयार होतो. मोबाईलवरून विकणाऱ्या कंपन्यांनी दूरच्या खेड्यातले गिऱ्हाईक थेट सुरतेला जोडले. लॉट लहान झाले आणि मुदत दिवसांवर आली. सकाळी आलेला गठ्ठा संध्याकाळी परत हवा असतो. साडी आवडली नाही तर गिऱ्हाईक ती परत पाठवते, आणि त्या परतीचा भुर्दंड एकेक कडी खाली सरकत येतो. त्याच वेळी कागदही ऑनलाइन गेला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१८पासून ५०,००० रुपयांवरचा माल राज्याबाहेर पाठवताना ई-वे बिल लागू झाले. गाडी कुठून कुठे, कोणाचा माल, सगळ्याची नोंद.

पण ही नोंद वरून खाली येता येता ठेकेदाराच्या नावापाशी थांबते. ओट्यावरच्या बाईचे नाव कुठल्याही पडद्यावर येत नाही. साडी कोणत्या जिल्ह्यातून परत आली ते व्यापाऱ्याला कळते. स्टोन कोणी लावला आणि तिचे पैसे मिळाले का, हे मात्र कळत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचीच गोष्ट घ्या. त्यांनी साठ साड्या करून दिल्या. हिशेबाच्या दिवशी ठेकेदार म्हणाला, "चोपन्नच होत्या." चिठ्ठी नव्हती. पण वहिनींची एक सवय कामी आली. लिहिण्याचा सराव नसल्याने गठ्ठा आला की त्या ठेकेदाराला व्हॉट्सअॅपवर बोलून कळवत, "दादा, साठ साड्या उन्यात." तो निरोप तारीख-वेळेसह फोनमध्ये होता. त्यांनी तो वाजवला आणि सहा साड्यांचे पैसे मिळाले. ती अहिराणी ओळ म्हणजे त्यांची पावतीच ठरली.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पुढच्या गठ्ठ्याला ठेकेदार म्हणाला, "ताई, असे निरोप पाठवू नका, फोन करत जा." फोनवरचे बोलणे मागे उरत नाही, हे त्यालाही कळले होते. तेव्हा सातवीतल्या त्यांच्या मुलीने वहीत रकाने आखले: तारीख, नग, काम, दर, सही. तो आधी सही करेना. पण महिन्याभरात वरचा व्यापारी त्याच्याकडे प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो आणि मोजणी मागू लागला. मग त्यालाच त्या वहीची गरज पडली. आता तो सही करतो आणि पानाचा फोटोही घेतो. दर मात्र वाढलेला नाही, तेही सांगितले पाहिजे.

लघुउद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत. पण त्यासाठी नोंदणी हवी, आणि काम दिल्याघेतल्याचा पुरावाही हवा. म्हणजे प्रश्न फिरून लिहिण्यापाशीच येतो.

आपण मुलांना निबंध शिकवतो, पत्रलेखन शिकवतो. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्यांतल्या मुलांना आपण चार ओळींची पावती लिहायला का शिकवत नाही? 'मिळाले', 'परत दिले', 'बाकी' हे तीन शब्द योग्य जागी लिहिता आले, तर एका घराची आठवड्याची मजुरी वाचते.

अकादमीलाही एक विनंती आहे. ताका, ग्रे, टिकी, जॉबवर्क, गठ्ठा, रिटर्न हे शब्द आमच्या गल्लीत रोज बोलले जातात. कोणता कुठल्या भाषेतून आला हा वाद नंतर करू. आधी ते बोलणाऱ्या बायकांकडून, त्यांच्या अर्थासह, उतरवून घेऊ. विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. त्यासाठी फार लांब जायला नको, घरचा ओटा पुरे.

ती मुलगी आता गल्लीतल्या आणखी चार घरांच्या वह्या लिहिते. परवा मला विचारत होती, "सर, दर ठरवायचा कागद कसा लिहितात?" पुढच्या आठवड्यात तो धडा मी वर्गात घेणार आहे.