त्रिकोणी डोंगर



मला इथे ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणून बोलावलंय, पण बोलणार आहे चित्रकलेवर. घाबरू नका, एलिमेंटरीचा पेपर घेणार नाही.

निसर्गचित्र म्हटलं की आपण सगळे एकच काढायचो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर नारळ. पुण्यात राहून नारळ! गेली सहा वर्षं मी रविवारी सकाळी जलरंग घेऊन वेताळ टेकडीवर बसते. तिथून सिंहगड दिसतो, आणि तो त्रिकोणी नाही. माथा जवळजवळ सपाट, त्याखाली कातळाचा कडा, मग उतार, पुन्हा एक पायरी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्याच्या या पायऱ्या. भूगोलात हे पाठ होतं. कळलं ते पेन्सिलीने त्या रेघा ओढताना.

लांबचा डोंगर आधी रंगवायचा. भरपूर पाणी, अगदी थोडा निळा. मधली हवा निळा प्रकाश विखुरते, म्हणून डोंगर जितका लांब तितका फिका आणि निळसर दिसतो. तो वाळेपर्यंत थांबायचं आणि मगच जवळची झाडं. हे थांबणंच मला जड जातं. आमच्या ऑफिसात थांबलेलं माणूस दिसलं की त्याला मीटिंगला बसवतात.

झाडंही पुस्तकातली नाहीत. फेब्रुवारीत टेकडी पिवळी, सालई निष्पर्ण, मधेच एखादा पळस पेटलेला. पावसाळ्यात जी हिरवीगार दिसते त्यातली बरीचशी वनखात्याने लावलेली गिरिपुष्प, मूळची मध्य अमेरिकेची. एवढं ओळखता यायला मला तीन उन्हाळे लागले.

बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता याच टेकडीच्या अंगावरून आखलाय. लॉ कॉलेज रोडवरच्या रांगेत मीही अडकते, त्यामुळे रस्ता मागणाऱ्यांचं म्हणणं मला समजतं. तरी मी त्या रस्त्याच्या विरोधात आहे. त्या उताराची माझ्याकडे एकोणचाळीस चित्रं आहेत. ‘इथे पूर्वी काय होतं’ हे दाखवायला ती उपयोगी पडावीत, अशी माझी मुळीच इच्छा नाही.

उद्या रविवार आहे. सकाळी साडेसहाला टेकडीवर या. कागद, रंग, ब्रश माझे. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची. आणि सर, ए.आर.ए.आय.पर्यंत गाडी येते. पुढे घडीची खुर्ची मी घेऊन चालेन.