पहारा जागता हवा
(डोंगरकडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



केळीच्या या मुलुखात कंटेनर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. माल भरून सील केलेली लोखंडी पेटी ट्रकवरून जहाजावर जशीच्या तशी चढते. संगणकाच्या जगातही याच नावाची पेटी आहे. एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे सामान एकत्र बांधले की झाला कंटेनर. इंटरनेटवरील कितीतरी सेवा आज अशा पेट्यांतून चालतात. तेव्हा त्यांवर पहारा हवा, हे ओघानेच आले.

पहारा कशासाठी, हे न्हावा-शेवा बंदराने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि तिच्या समूहाच्या न्हावा-शेवा येथील टर्मिनलचे काम अडले. हा प्रोग्राम शिरला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! पुढे पसरताना त्याने विंडोजमधील ज्या फटीचा फायदा घेतला, ती बुजवणारे अपडेट मार्च २०१७ मध्येच निघाले होते. म्हणजे अपडेट टाळणे धोक्याचे, आणि आलेल्या अपडेटवर डोळे मिटून विसंबणेही धोक्याचे.

म्हणून पहारेकऱ्याने चेहरा नव्हे, वर्तन पाहावे. ‘फाल्को’ हे सॉफ्टवेअर नेमके हेच करते. फाल्को म्हणजे ससाणा. सिसडिग कंपनीने ते २०१६ साली काढले व २०१८ साली क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे सोपवले. कंटेनरमधून कोणी पासवर्डची फाइल उघडली किंवा आत शिरून हुकूम सोडू लागला, की ते तत्काळ इशारा देते.

पण पहारेकऱ्यालाही शिकवावे लागते. चोरांच्या युक्त्या बदलतात, म्हणून त्याचे नियम वेळोवेळी नवे करावे लागतात. काही नवे नियम जुन्या फाल्कोला समजत नाहीत, म्हणून आधी फाल्को अद्ययावत करावे, मग नियम. आपण केलेले बदल वेगळ्या फाइलीत ठेवावेत. मूळ फाइलीत केले तर पुढच्या अपडेटमध्ये पुसले जाण्याची भीती. सारे काही आधी चाचणीच्या संगणकावर चालवून पाहावे. आणि नेहमीच्या कामांवर उगाच इशारे येत असतील तर ते नियम नीट बसवावेत. नाहीतर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्यासारखे खऱ्या वेळी कोणी लक्षच देणार नाही.

पालकहो, हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि त्याची रचना सर्वांना पाहण्यास खुली आहे. लिनक्सची ओळख, थोडे इंग्रजी वाचन आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर आपली मुले व मुली हे शिकू शकतात. घरात एक संगणक असेल तर तो केवळ मुलाच्या हाती देऊ नका. मुलीलाही त्यापुढे बसू द्या. लोकांचे पैसे आणि कागदपत्रे आता संगणकात आहेत. त्यांची राखण करणाऱ्यांत डोंगरकड्याचीही नावे असावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयहिंद!