हिवाळ्याचं पाणी पेरणीला



आज आपण लडाखला जाऊ या, देशाच्या पार उत्तर टोकाला. तिथलं लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हवा इतकी विरळ की नवख्या माणसाला चार पावलांत धाप लागते. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण १०० मिलिमीटर. आपल्याकडे कधी कधी एका दिवसात एवढा पाऊस पडून जातो.

तरी तिथे शेती होते, ती डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर. पण अडचण अशी, की पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि उंचावरचा बर्फ भरपूर वितळतो जूनमध्ये. पेरणीच्या वेळीच पाट कोरडा! आणि हिवाळ्यात ओढ्याचं पाणी मात्र वाया जातं.

चेवांग नॉर्फेल या इंजिनिअरनी हे हेरलं. हिवाळ्यातलं पाणी त्यांनी गावाजवळच्या सावलीत वळवलं, दगडी बांध घालून संथ केलं. ते तिथेच गोठलं. जागा डोंगरमाथ्यापेक्षा खाली, म्हणून बर्फ लवकर वितळतो आणि पेरणीला पाणी मिळतं. पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभारले. वरच्या ओढ्याचं पाणी नळीने खाली आणायचं. नळीच्या उभ्या तोंडातून ते कारंज्यासारखं उडतं, पडता पडता गोठतं. पंप नाही, वीज नाही. उंच ढिगाला ऊन कमी लागतं, म्हणून तो पसरलेल्या बर्फापेक्षा सावकाश वितळतो. नळी गोठू नये म्हणून कडाक्याच्या थंडीत राखण मात्र करावी लागते.

साठवलेलं पाणी वाटायचं कसं? तिथे गाव मिळून एक माणूस नेमतं, त्याला चुरपोन म्हणतात. आपला पाटकरीच म्हणा ना! कुणाच्या शेताला कधी पाणी, हे तो ठरलेल्या पाळीने बघतो.

घरातही तीच रीत. उन्हाळ्यात बायका जर्दाळू आणि पालेभाज्या वाळवतात, बटाटे-सलगम जमिनीखाली ठेवतात. जव भाजून दळतात. संडासही कोरडे, वरून माती टाकतात, त्याचं खत शेतात जातं.

मैत्रिणींनो, तिथल्या लोकांना पाणी काही जास्त मिळत नाही. मिळेल ते वेळेत अडवायचं आणि पाळीने वाटायचं, एवढ्यावर त्यांचं पीक उभं राहतं. आपल्या गावात पावसाळ्यातलं कुठलं पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात आधी कुणाचा हंडा रिकामा राहतो? गटाच्या पुढच्या बैठकीत या दोन गोष्टी जरूर बोला.